अप्पा बसलेत

अप्पा, मी ध्यानाला बसायला लागलेय. हे तुम्हाला सांगणारी मीच असावी, याचाच आधी राग येतोय. तुम्ही असता तर मान हलवून हसला असतात आणि त्या तुमच्या धिम्या आवाजात म्हणाला असतात, 'उशिरा का होईना, कळलं म्हणायचं.' ते हसू मला नको होतं. म्हणून इतकी वर्षं कुणी कितीही सांगितलं तरी मी डोळे मिटून बसले नाही. शाळेत योगदिनाला सगळ्या मुली, सगळ्या बाई सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, तेव्हासुद्धा मी काहीतरी निमित्त काढून मैदानाच्या कडेला उभी राहायचे. मुख्याध्यापक झाल्यावर तर निमित्ताचीही गरज उरली नाही.

मग एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू गळाला आणि फळा तिरका झाला. मुलींनी धरून खुर्चीत बसवलं. गेवराईतल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, 'मॅडम, गोळी चालू करू. पण गोळी एकटी काय करणार? रोज सकाळी थोडा वेळ शांत बसायला शिका. एवढं चिडता तरी कुणावर?' मी म्हणाले, 'कुणावर नाही.' पुण्याहून मुलानं फोनवर काहीतरी पाठवलं, ते उघडलं की एक बाई बोलते. ज्या बाईला आयुष्यात कधी कुणाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नसेल, अशा आवाजात बोलते. श्वासाकडे लक्ष द्या म्हणते. मनात जे येईल ते येऊ द्या, बघा, आणि जाऊ द्या म्हणते. पहिल्याच सकाळी मी डोळे मिटले आणि तुम्ही आलात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पाठ ताठ, पापण्या मिटलेल्या. मी तुम्हाला बघितलं. जाऊ काही दिलं नाही.

परळीचं आपलं घर आणि गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान. अख्खा दिवस तुम्ही आवाजात काढायचात. गिऱ्हाईक घागर टिचकी मारून बघायचं, परातीवर परात आदळायची, नाव कोरायचं यंत्र दातांतून कळ जावी तसं किणकिणायचं, आणि तुम्ही त्या सगळ्याच्या मधोमध गादीवर बसून लग्नाच्या भांड्यांचा भाव सांगत असायचात. सकाळी दुकान उघडलं की औष्णिक केंद्राची राख सगळ्या हांड्यांवर बसलेली असायची. ती तुम्ही स्वतः फडक्यानं पुसायचात. आणि घरात? घरात चमच्याचाही आवाज नको. 'अप्पा बसलेत.' हे दोन शब्द मी 'आई' म्हणायला शिकले त्याच सुमारास शिकले असणार. पंपाचा स्टो फरफरतो म्हणून आई वातीच्या स्टोवर स्वयंपाक करायची, भिंती काळ्या व्हायच्या, डोळे चुरचुरायचे. घासलेली भांडी ती एकावर एक कधी ठेवायची नाही, जुन्या लुगड्याच्या घडीवर एकेक अंतरावर मांडायची. कड्यांना खोबरेल लावलेलं असायचं. मोठ्या भावाला खोकला झाला की तो उशीत तोंड खुपसायचा. शिंक आली की मी नाक इतकं घट्ट दाबायचे की कानात सुई टोचावी तसं व्हायचं. भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात भांडं वाजत नव्हतं, अप्पा. हे कुणाला सांगितलं तर हसतील. आम्ही हसलो नाही. हसलं की आवाज होतो.

आणि गावात तुमचं केवढं नाव. भावाभावांत वाटणीवरून जुंपली की लोक तुमच्या दुकानात यायचे. सासू-सुनेचं, शेजाऱ्यांच्या बांधाचं, सगळं तुमच्या गादीसमोर यायचं. तुम्ही दोघांना चहा पाजायचात, मधे बोलायचा नाहीत, शेवटी एखादं वाक्य टाकायचात, आणि माणसं मान खाली घालून निघून जायची. 'अप्पांसारखा शांत माणूस तालुक्यात न्हाई.' हे ऐकत मी मोठी झाले. खोटं नव्हतं ते. शांत तर तुम्ही होतातच.

त्या दिवसाचं आता लिहिते. मी सहावीत असेन. सकाळची शाळा नव्हती, म्हणजे रविवार असणार. तुम्ही मधल्या खोलीत देवळीसमोर बसलेले. आई स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं उतरवतेय. मी दाराशी बसून शेंगा फोडतेय, त्याही फडक्यात धरून, टरफल वाजू नये म्हणून. दूध नुकतंच वर आलेलं, उकळतं. पातेलं उचलताना सांडशी सटकते. कुठल्याही बाईनं काय केलं असतं? हात मागे घेतला असता. पातेलं पडलं असतं, दूध गेलं असतं, खण्ण आवाज झाला असता आणि हात वाचला असता. आई हात मागे घेत नाही. ती दुसऱ्या उघड्या हातानं ते पातेलं खालून धरते. दूध तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरतंय, मी बघतेय, आणि ती पातेलं हळूच, अगदी हळूच, फरशीवर टेकवतेय. टेकवल्याचासुद्धा आवाज येत नाही. मग ती पदराचा बोळा तोंडात कोंबते आणि भिंतीला पाठ लावून खाली बसते.

मी उठून मधल्या खोलीत धावले. तुमच्यासमोर उभी राहिले. हळू म्हणाले, 'अप्पा, आई भाजली.' मग मोठ्यानं म्हणाले. मग तुमच्या खांद्याला हात लावून हलवलं. तुमची डावी पापणी थरथरली, अप्पा. मी अगदी जवळ होते, मला दिसलं. तुम्ही दूर कुठे समाधीत नव्हतात, इथेच होतात, ऐकत होतात. डोळे उघडले नाहीत एवढंच. मी पळत शेजारच्या मुसलमान खालांकडे गेले. खाला आल्या, आईचा हात बघितला, आणि आपल्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्यानं मधल्या खोलीच्या दारातून ओरडल्या, 'अजी, घर में आदमी है कि पत्थर?' तरी तुम्ही हलला नाहीत. त्याच तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मी तिथेच, सांडलेल्या दुधाशेजारी. थोड्या वेळानं तुम्ही उठलात, आसनाची घडी घातलीत, दाराशी येऊन एकदा फरशीकडे बघितलंत, आणि टोपी घालून दुकानाला गेलात.

दुपारी जेवायला आलात. आईचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. एका हातानं तिनं पिठलं टाकलं होतं, भाकरी खालांनी पाठवल्या होत्या. तुम्ही जेवलात. हात धुतलात. मग मला समोर बोलावलंत. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल, मला जवळ घ्याल, निदान विचाराल. तुम्ही आवाज जराही न चढवता म्हणालात, 'तुझी आई ओरडली का?' मी मान हलवून नाही म्हणाले. 'मग तू कशाला ओरडलीस?'

एवढंच. मी दगड मारला असता तुम्हाला, इतका राग आला होता. पण वय काय, ताकद काय. मी 'चुकलं' म्हणाले. आजपर्यंत त्या शब्दाइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवूनच समाधी दिली. हार घालून, भस्म लावून, पाठ टेकवून बसवलेलं. लोक म्हणाले, 'बघा, ध्यानाला बसल्यासारखे दिसतायत.' पुन्हा पुन्हा म्हणाले. मी आईकडे बघत होते. ती पदराचा बोळा तोंडात धरून हलत होती, पुढेमागे, पुढेमागे, आवाज नाही. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होत्या, 'रड गं माय, मोकळं रड.' तिला येत नव्हतं. तुम्ही बसलेले होतात ना.

त्यानंतर ती माझ्याकडे गेवराईला आली आणि राहिली. माझं घर हायवेला लागून आहे, अप्पा. दिवसरात्र वाळूचे हायवा ट्रक जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, हॉर्न तर असे की कपातला चहा हलतो. पहिल्या पहिल्यांदा मला बरं वाटायचं, की आईला आता आवाजात राहायला मिळतंय. मी सकाळी बसायला सुरुवात केली तेव्हा आमचे हे फिरायला गेलेले असायचे, घरात फक्त आई. काही दिवस मला मजाच वाटली. बाहेर हायवा आपल्या मार्गानं चाललेत, पण आतून कसं निवांत. आपल्याला जमतंय म्हणून मी मनात खूषही झाले. मग लक्षात यायला लागलं की वरण उशिरा होतंय. मी विचारलं, 'आई, कुकर कावून लावला न्हाईस?' ती म्हणाली, 'शिट्टी वाजती ना.' मी तेव्हाही काही समजले नाही. शाळेची घाई होती.

आणि मग थंडीतली ती सकाळ. मी डोळे मिटून बसलेली, फोनवरची बाई पायाच्या बोटांपासून वर वर चाललेली. मधेच मला उठावं लागलं, पाणी प्यायला. स्वयंपाकघरात आई नाही. न्हाणीघरात नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं. उघडलं तर बाहेरच्या पायरीवर, हायवेच्या धुळीत, अंगावर साधी शालसुद्धा न घेता आई बसलेली. तोंडात पदराचा बोळा. आठवडाभर तिला खोकला होता. तो ती दाबत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, सगळं अंग उडत होतं. समोरून हायवा गेला तेवढ्या आवाजात तिनं एकदा खोकून घेतलं आणि पुन्हा पदर कोंबला.

'आई! इथं कावून बसलीस?'

तिनं दचकून पदर काढला. 'तू बसलतीस ना गं. तुजं मोडंल मनून.'

अप्पा, माझा पारा त्या वेळी किती चढला असेल ते डॉक्टरांनीच मोजायला हवं होतं. मी तिला आत आणलं, शाल दिली, आणि ओरडले. तिच्यावरच ओरडले. म्हणाले, 'मी काय अप्पा आहे का? मी तुला गप्प बस म्हणाले का कधी? त्यांनी तुझा हात जाळला, डोळे उघडले नाहीत, आणि तू अजून त्यांच्यासाठी तोंडात बोळा घालून फिरतेस?' ती ऐकून घेत होती. खोकली. मग म्हणाली, 'बस जरा. तुला ठावं न्हाई.'

मला ठावं नव्हतं ते तिनं मला त्या सकाळी सांगितलं. मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. काकांनी दुकानाची वाटणी मागितली, तुमचं आणि त्यांचं तुटलं, आणि तुम्ही रोज ती आग घरी घेऊन यायला लागलात. 'हात उचलायचे,' आई म्हणाली. एवढ्या साध्या आवाजात म्हणाली, जणू बाजारातून भाजी आणायचे म्हणावं. 'माझ्यावर तं उचलायचेच. एकदा दादानं ताट खाली पाडलं, वाजलं, तं जवळचा तांब्या फेकून हानला. कपाळ फुटलं लेकराचं.' दादाच्या कपाळावरची ती खूण. आम्हाला पायरीवरून पडला म्हणून सांगितलेली. दादालाही तेच सांगितलेलं.

'मग मी मठात गेलते,' आई म्हणाली. 'स्वामींच्या पाया पडले. मनलं, काई तरी करा, न्हाई तं हे लेकरं मारतील. ते मनले, सकाळी बसव त्याला. उठल्या उठल्या. डोकं थंड झाल्याबिगर दुकानात जाऊ देऊ नको. मी रोज आसन घालायचे. धरून बसवायचे. पयल्यांदा मलाच शिव्या द्यायचे. मग लागली सवय. बसून उठले की दिवस चांगला जायचा. पन मधी मोडलं ना, की मग दिवसभर घर जळायचं. मनून मी मोडू देत न्हवते. कायबी झालं तरी मोडू देत न्हवते.'

मी तिच्या हाताकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंतची ती गुळगुळीत, चुरगळलेली कातडी. ते तुमच्या भक्तीपायी नव्हतं. भीतीपायीही पूर्ण नव्हतं. तिचं गणित होतं. पातेलं पडलं असतं तर तुमचं मोडलं असतं, आणि तुमचं मोडलं असतं तर शेंगा फोडत बसलेल्या मुलीला ते भोवलं असतं.

'मग मी अप्पांना हलवलं तेव्हा?'

'देवाला सांगत व्हते, आता उठून हिला मारू देऊ नको. न्हाई मारलं. नुसतं बोलले.' तिनं शाल सावरली. 'तवा मला कळलं, आता हा मानूस सुदरला.'

सुधरला! मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस हे कधी? म्हणाली, 'काय सांगायचं? बापाला भिऊन वाढला असता.' मी म्हणाले, 'तशीही भिऊनच वाढले.' ती म्हणाली, 'न्हाई. तुमी आवाजाला भिऊन वाढलात. बापाला न्हाई.' आणि कुकर लावायला उठली.

तर अप्पा, मला वाटलं होतं माझा राग जुना आहे, सहावीतल्या मुलीचा आहे, तो आता वयाप्रमाणे निवेल. तो निवला नाही. नवा झाला. तालुक्यात जिचं नाव होतं ती तुमची शांती तुमची नव्हतीच. ती आईनं केलेली होती, रोज पहाटे उठून, भाकरी करावी तशी. तुम्ही ती खाल्लीत आणि गावाला ढेकर ऐकवलात. लोक तुमच्या पाया पडायचे. एकानं तरी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं का? आणि तुम्हाला ठाऊक होतं. हे मला सगळ्यांत सहन होत नाही. आसन कोण घालतं, घर कुणी मुकं केलंय, कशासाठी केलंय, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मला समोर बसवून 'तुझी आई ओरडली का' विचारलंत तेव्हा ती का ओरडली नाही हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गादीवर बसून भावाभावांना एकेक वाक्य देणाऱ्या माणसाला तिच्यासाठी एक वाक्य सुचलं नाही. अख्ख्या आयुष्यात नाही. तुमचा राग गेला, चांगलं झालं. पण तो गेला कुठे? हवेत विरला का? तो दादाच्या कपाळावर होता, आईच्या हातावर होता, उरलेला माझ्या दंडावरच्या पट्ट्यात मावत नव्हता.

मी बसणं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी चटई उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात टाकली, ओट्याच्या खाली. आईला म्हणाले, 'तू तुझं काम कर. वाजव. खोक.' तिला जमेना. भांडं उचलताना हात आपोआप हळू व्हायचे. मी डोळे मिटलेले ठेवून नुसती ऐकत राहायचे, ती किती आवाज वाचवतेय ते. कितीतरी सकाळी असंच. एकदा वैतागून मी डोळे मिटूनच म्हणाले, 'आई, एक ताट तरी आपट.' ती म्हणाली, 'येडी का काय? पोचा पडंल.' शेवटी भाकरीनं सुटका केली. भाकरी काही मुकी थापता येत नाही. आधी दबकत, मग जरा बरी, मग थप थप थप, परातीत पूर्ण हातानं. फोनवरची बाई मी बंद करून टाकली.

आता तर आई मधेच बोलते. 'मीठ सरलंय.' 'दादाचा फोन आलता.' 'शेजारच्या सुनेला पोरगी झाली, लई गोरी हाय मनं.' मी डोळे मिटून हं म्हणते. माझं रोज मोडतं, दहा ठिकाणी मोडतं, आणि मोडून कुणाचं काही जळत नाही. डॉक्टर म्हणाले, पारा बराच खाली आलाय, काय करता सांगा, बाकीच्यांनाही सांगतो. मी म्हणाले, काही नाही, स्वयंपाकघरात बसते.

काल आईला सांगितलं, अप्पांना पत्र लिहितेय. तिनं विचारलं, काय लिवलं? मी म्हणाले, भांडतेय. तिनं पीठ चाळून घेतलं. मग म्हणाली, 'भांड की. पन त्यान्ला धाडू नको. शांत बसल्यात, बसू दे.' अजूनही, अप्पा. अजूनही तुमचं मोडू देत नाही ती.

तिच्यासाठी हे पत्र कुठे जाणार नाही, कपाटात राहील. पण एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. लोकांना वाटतं मी शांत व्हायला बसते. तसं नाही. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. आता रोज सकाळी मी डोळे मिटले की तुम्ही येता, समोर बसता, आणि मी बोलत असते तोवर तुम्हाला उठून जाता येत नाही. त्यासाठी बसते मी. आणि ज्या सकाळी तुम्ही यायला उशीर करता, त्या सकाळी मी डोळे उघडत नाही, वाट बघते.